माफी फुलूस

तिमाही संपायला चार दिवस.
अजमानच्या औद्योगिक वसाहतीत, टाइल्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
मी उधाऱ्यांची वयं लावत बसलेय :
तीस दिवस, साठ, नव्वद,
आणि शेवटचा रकाना, जिथे वय मोजणं सोडून देतात.

मोफिजुल फरशीवाला, मूळ नोआखालीचा.
एक्केचाळीस हजार तीनशे सत्तर दिरहम.
त्यातला कर एकोणीसशे सत्तर,
तो आम्ही सरकारात केव्हाच भरला
त्याच्याकडून एक फिल्सही हाती न येता.

तेवढा परत मिळतो. नियमात सोय आहे.
माल देऊन सहा महिने उलटलेले हवेत,
रक्कम वहीत बुडीत दाखवलेली हवी,
आणि ज्याने बुडवली, त्याला तसं कळवलेलं हवं.
ही शेवटची अट मी दोनदा वाचली.
म्हणजे रीतसर पत्र लिहून सांगायचं
की बाबा रे, तुझ्या पैशांवर आम्ही पाणी सोडलं.

पाणी सोडलं.
इथे,
जिथे प्यायचं पाणी समुद्रातून मीठ काढून करावं लागतं.

पावसकर शेठ म्हणाले, "लिवा, लिवा.
तो काय आता गावायचा नाय."

सवयीने कच्चं मराठीतच लिहिलं आधी.
रक्कम, बाकी, हिशेब, वसूल, तारीख...
अर्धं पान झालं तेव्हा दिसलं,
यातला एकही शब्द चिपळूणचा नव्हे.
सगळे समुद्राच्या या अंगाचे,
कधीकाळी तिकडे येऊन घरजावई झालेले,
आणि मी त्यांना व्हिसावर परत आणलंय.

पत्र गेलं. पोच आली. फाइल बंद.

नवव्या दिवशी तो स्वतः जिना चढून वर आला.
बोटांच्या पेरांवर पांढरं सिमेंट,
पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी.
खोलीतल्या कुणी त्याला ते वाचून दाखवलं होतं,
काय वाचलं देव जाणे.
टेबलावर पाकीट ठेवलं. सहाशे.
"माफी फुलूस, मॅडम. अभी इतना ही."

माफी फुलूस : पैसे नाहीत.
नऊ वर्षं झाली मला इथे
तरी कान आधी आपलीच माफी ऐकतो,
मग चूक सुधारून घेतो.

म्हटलं, द्यायची गरज नाही, वहीत खल्लास झालंय.
"वही में खल्लास?"
हो.
"और बाहर?"

बाहेरचा रकाना माझ्याकडे नाही.
शेठना फोन लावला, उचलला नाही.
मी सहाशे मोजले, दोनदा, पावती फाडली,
आणि तो समोर असतानाच, लाज वाटत असूनही, कॅल्क्युलेटर दाबला :
सहाशेतले अठ्ठावीस दिरहम सत्तावन्न फिल्स
आता सरकारला परत करायचे.
बुडालेलं थोडं जरी वर आलं
तरी त्याची वर्दी द्यावी लागते.

पावती त्याने पत्राच्याच पिशवीत घातली.
खाली उतरताना नमुन्याच्या फरशीवर थांबला,
ती त्यानेच बसवलेली, दुकान उघडलं तेव्हा.
उकिडवा बसून बोटाच्या सांध्याने ठोकत गेला,
एक, दुसरी, तिसरी,
चौथीवर आवाज बदलला.
"ये पोला है, मॅडम.
छुट्टी के दिन आके भर दूँगा."

कितीला, ते त्याने सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

वर येऊन विवरणपत्र उघडलं.
अठ्ठावीस सत्तावन्न लिहिले.
चौथी फरशी
कुठे लिहायची ते शोधत
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.